हॅम रेडिओसाठी घरीच बांधा ७०० हर्ट्झचा ऑडिओ फिल्टर

रात्री हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडच्या तळाशी, ७.००० मेगाहर्ट्झच्या जरा वर, रेडिओ लावला की एका वेळी चार-पाच मोर्स स्टेशनं कानात शिरतात. आपल्यापैकी बहुतेकांकडचा रिसीव्हर बोलण्यासाठी आखलेला असतो. तो साधारण २४०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा एकदम ऐकवतो, आणि मोर्सच्या एका सिग्नलला लागतात जेमतेम शे-दीडशे हर्ट्झ. उरलेल्या जागेत शेजारची स्टेशनं, विजांची कडकड आणि घरातल्या एलईडी बल्बची कुरकुर येऊन बसते. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला बिटएक्स हा ट्रान्सीव्हर (संदेश धाडणारा आणि ऐकणारा संच) आपल्याकडे अनेक नवोदितांच्या टेबलावर असतो. त्याचा क्रिस्टल फिल्टरही बोलण्याच्याच रुंदीचा आहे.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे रेडिओचा हेडफोन जॅक आणि आपला हेडफोन यांच्यामध्ये बसणारं एक छोटं खोकं. ते ७०० हर्ट्झच्या आसपासचा सूर पुढे सोडतं, बाकीचं दाबतं. रेडिओ उघडावा लागत नाही. प्रसारणाशी याचा संबंध नाही, त्यामुळे हॅम परवान्यासाठीच्या एएसओसी परीक्षेची तयारी चालू असतानाही हे काम करता येतं. स्वतःचा रिसीव्हर नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर) संगणकावर लावून त्याचा आवाज या खोक्यात सोडता येतो.

अपेक्षा मात्र आधीच ठरवून घ्या. २४०० हर्ट्झची रुंदी पावणेदोनशेवर आणली की खरखरीची शक्ती ढोबळमानाने दहाव्या हिश्शावर येते, म्हणजे दहा डेसिबलचा फायदा. पण जो गोंगाट नेमका त्याच सुरावर येतो, त्याचं हा फिल्टर काहीच करू शकत नाही. चतुर्थीच्या दिवसांत वाड्यावर घरोघरी रोषणाईच्या माळा लागल्या, त्यांच्या स्वस्त अडॅप्टरांनी सगळा बँड भरून टाकला, तर ते दुखणं अँटेनाच्या बाजूचं आहे. तिथे अँटेना घरापासून लांब नेणं हाच उपाय.

आधी आकडे

आपण वापरणार आहोत तो मल्टिपल फीडबॅक बँडपास, म्हणजे मधला पट्टा तेवढा पुढे सोडणारा फिल्टर. एका ऑपॲम्पभोवती (आयसीतला सिग्नल वाढवणारा भाग) तीन रेझिस्टर आणि दोन सारखे कपॅसिटर, की एक टप्पा तयार. असे दोन टप्पे एकामागून एक. टीएल०७२ या आठ पायांच्या आयसीत दोन ऑपॲम्प असतात, म्हणजे एका आयसीत काम भागतं.

एका टप्प्याची जोडणी अशी. आत येणारा सिग्नल आर१ मधून एका नाक्यावर येतो. त्या नाक्यापासून आर२ जमिनीकडे, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या तारेकडे, जातो. नाक्यापासूनच एक कपॅसिटर ऑपॲम्पच्या आउटपुटला आणि दुसरा त्याच्या उलट्या (वजा) इनपुटला. उलट्या इनपुटपासून आउटपुटपर्यंत आर३. एवढंच.

किमती: दोन्ही कपॅसिटर १० नॅनोफॅरड, आर१ ५६ किलोओहम, आर३ १२० किलोओहम, आणि आर२ म्हणून ३.३ किलोओहमचा पक्का रेझिस्टर व त्याच्याशी एकसर २ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर). हे सगळे सहज मिळणारे आकडे आहेत, मुद्दाम तसेच निवडलेत.

त्यांच्यामागचं गणित थोडक्यात पाहून ठेवा, कारण चाचणीत तेच उपयोगी पडतं. एका टप्प्याची रुंदी म्हणजे १ भागिले (३.१४ म्हणजे गणितातला पाय गुणिले आर३ गुणिले कपॅसिटर). इथे ती २६५ हर्ट्झ येते. दोन टप्पे एकाच सुरावर लावले की एकत्रित रुंदी १७० च्या आसपास उतरते. टप्प्याची वाढ (सिग्नल किती पट होतो ते) म्हणजे आर३ भागिले (आर१ ची दुप्पट), म्हणजे १.०७; दोन टप्प्यांची मिळून १.१५. गंमत ही की या दोन्ही सूत्रांत आर२ कुठेच नाही. म्हणून प्रीसेट फिरवला की मधला सूर तेवढा सरकतो, साधारण ६६० ते ८२० हर्ट्झच्या दरम्यान. रुंदी आणि आवाजाची पातळी जागच्या जागी राहते. नवख्या माणसाला याहून सोयीची रचना मला माहीत नाही.

वाढ एकच्या जवळ ठेवण्याचं कारणही सांगतो. पुढे एका खटक्याने फिल्टर आत-बाहेर करायचा आहे. फिल्टर लावल्यावर आवाजही मोठा झाला तर कानाला सगळंच सुधारल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यावर विसंबून चालत नाही.

शंभर हर्ट्झच्या फिल्टरचा मोह सुरुवातीला टाळा. फार अरुंद फिल्टरमध्ये स्टेशन शोधतानाच हरवतं, आणि पावसाळ्यात तर त्याचा उलट त्रास होतो. त्याबद्दल पुढे येईलच.

सामान

म्हापसा, पणजी, मडगावच्या दुरुस्तीवाल्यांकडे रेझिस्टर, झीरो पीसीबी (सोल्डरिंगसाठी भोकं पाडलेली कोरी पट्टी), जॅक, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, हेडफोन चालवणारी एलएम३८६ आयसी हे बहुतेक मिळतं. टीएल०७२ नाही मिळाला तर एलएम३५८ घ्या. पाय तेच, जागा तीच. लहान आवाजात किंचित खरखरीतपणा येतो इतकंच. उरलेलं सामान ऑनलाइन मागवावं, किंवा कुणी मुंबईला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडची चिठ्ठी हातात द्यावी.

एका बाबतीत तडजोड नको. चारही १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर पॉलिएस्टर फिल्मचे घ्या, अंगावर ‘१०३जे’ असं छापलेले. जे म्हणजे पाच टक्क्यांच्या आतला फरक, आणि एवढा फरक आपला प्रीसेट सांभाळून घेतो. दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून चपटे सिरॅमिक देतो. त्यांच्या किमतीत वीस टक्के किंवा त्याहून जास्त फरक असू शकतो आणि उकाड्यात तो आणखी सरकतो. मग दोन टप्पे दोन वेगळ्या सुरांवर बसतात आणि प्रीसेटच्या आवाक्यातही येत नाहीत.

बाकी यादी: १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १ किलोओहम, १०० ओहम आणि १० ओहमचा एकेक, १० किलोओहमचा आवाजाचा पॉट, ०.१ मायक्रोफॅरडचे तीन, ४७ नॅनोफॅरडचा एक, १ मायक्रोफॅरडचा एक, इलेक्ट्रोलिटिकमध्ये १० आणि ४७ मायक्रोफॅरडचा एकेक, १०० चे दोन, २२० चा एक. १एन४१४८ डायोड दोन. आठ पायांचे आयसी बेस दोन, एक दुहेरी वाटेचा खटका, बॅटरीची क्लिप आणि धातूचा डबा.

बांधणी

पहिल्यांदा ब्रेडबोर्डवर लावा, मग झीरो पीसीबीवर उतरवा. आणि टप्प्याटप्प्याने. सगळं एकदम सोल्डर करून मग ‘आवाज का येत नाही’ शोधत बसणं हा वेळ घालवण्याचा हमखास मार्ग आहे.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून. बॅटरीच्या धनातून १०० ओहममधून टीएल०७२ च्या ८ क्रमांकाच्या पायाला वीज द्या, आणि त्या पायापासून जमिनीला १०० मायक्रोफॅरडचा व ०.१ चा कपॅसिटर. पाय ४ जमिनीला. आता १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकसर लावून पाय ८ च्या पुरवठ्याचे दोन सारखे भाग करा, मध्यबिंदूवर ४७ मायक्रोफॅरड जमिनीला. हा मध्यबिंदू पाय ३ आणि पाय ५ ला थेट जोडा. ऑपॲम्पला वर-खाली दोन्हीकडे झुलायला जागा लागते, ती अशी मिळते.

पहिला टप्पा पाय १ व २ भोवती, दुसरा पाय ६ व ७ भोवती. दोन्हीकडचा आर२ मध्यबिंदूला न जोडता सरळ जमिनीला जोडा. कपॅसिटर डीसी अडवतातच, त्यामुळे चालतं, आणि मध्यबिंदूवरून एका टप्प्याचा आवाज दुसऱ्यात झिरपत नाही. पाय १ वरून दुसऱ्या टप्प्याचा आर१ थेट निघतो. पहिल्या टप्प्याच्या आर१ च्या आधी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पाय २ आणि ६ ला येणाऱ्या तारा आखूड ठेवा.

टीएल०७२ ला हेडफोन हलवण्याइतकी ताकद नाही, म्हणून मागे एलएम३८६. पाय ७ वरून १ मायक्रोफॅरड, तिथून खटका, खटक्यावरून आवाजाचा पॉट, पॉटचा मधला पाय एलएम३८६ च्या पाय ३ ला. खटक्याच्या दुसऱ्या बाजूला फिल्टरच्या आधीचा सिग्नल आणून जोडा. तीच फिल्टर वगळण्याची वाट, बोलण्याची स्टेशनं ऐकताना लागते. एलएम३८६ चे पाय २ आणि ४ जमिनीला, पाय ६ थेट बॅटरीच्या धनाला आणि तिथेच शेजारी १०० मायक्रोफॅरड, पाय ७ वरून १० मायक्रोफॅरड जमिनीला. पाय १ आणि ८ मोकळे सोडले की वाढ २० पट राहते, आपल्याला तेवढी पुष्कळ झाली. पाय ५ वरून २२० मायक्रोफॅरडमधून हेडफोन. त्याच पायावरून १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरड एकसर जमिनीला. हा शेवटचा जोड फालतू वाटतो म्हणून गाळला जातो, आणि मग एलएम३८६ ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर स्वतःच कोकलत राहतो, गरम होतो.

रेडिओकडे जाणारी पिन स्टीरिओ घ्या, मोनो नको. हेडफोन जॅक स्टीरिओ असेल तर मोनो पिन त्याची उजवी बाजू जमिनीला टेकवते. टोकाची तार वापरा, मधली मोकळी सोडा.

सिग्नलआधी डीसी

आयसी बेसमध्ये न घालता बॅटरी लावा आणि पाय ८ च्या जागी नऊच्या आसपास, पाय ३ व ५ च्या जागी त्याच्या निम्मे व्होल्ट आहेत का पाहा. मग बॅटरी काढून आयसी बसवा, खाचेची दिशा दोनदा तपासून. आता पाय १, २, ६, ७ या सगळ्यांवर साडेचारच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. पाय १ किंवा ७ एका टोकाला चिकटलेला दिसला तर त्या टप्प्याचा आर३ सुटलाय किंवा चुकीच्या भोकात गेलाय. एलएम३८६ च्या पाय ५ वरही निम्माच पुरवठा हवा. हे आकडे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरी चाचणी

आता फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या, साइन लहर निवडा आणि फोनच्या हेडफोन जॅकमधून ती फिल्टरच्या इनपुटला द्या. डायोड अजून लावायचे नाहीत.

मोजायला मल्टिमीटर लागेल, आणि इथे एक अडचण आहे. पिवळा स्वस्त मीटर एसीमध्ये २०० व्होल्टपासूनच सुरू होतो. त्यावर मिलिव्होल्ट दिसणार नाहीत. २ व्होल्ट एसीची रेंज असलेला मीटर मिळवा. तोही बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच अचूक असतो, म्हणून १००० हर्ट्झवर दाखवलेला आकडा खरा मानू नका. यातून वाट अशी: दर वारंवारितेला आधी इनपुट मोजा, मग आउटपुट, आणि दोघांचा भागाकार लिहा. मीटर दोन्हीकडे सारखाच चुकत असेल तर भागाकारात चूक उडून जाते.

७०० हर्ट्झचा टोन लावून इनपुटला २०० मिलिव्होल्ट येतील एवढा फोनचा आवाज ठेवा. मीटरची तार ०.१ मायक्रोफॅरडमधून पाय १ ला लावा आणि पहिला प्रीसेट फिरवून आकडा सर्वांत मोठा करा. मग तार पाय ७ ला, दुसरा प्रीसेट. दोन्ही टप्पे एकाच सुरावर बसले की पाय ७ वर २३० मिलिव्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. तुमचा ट्रान्सीव्हर मोर्ससाठी ६८० किंवा ८०० हर्ट्झचा सूर वापरत असेल तर तो आकडा धरा. ६०० असेल तर प्रीसेटच्या जागी ५ किलोओहमचा घाला.

आता वारंवारिता बदलत चला. ६२० आणि ७९० ला साधारण १६० मिलिव्होल्ट दिसतील, तीच आपल्या १७० हर्ट्झच्या खिडकीची दोन टोकं. ५०० ला ५४, १००० ला ४९, आणि ३५० व १४०० ला फक्त १४. दहा टक्क्यांचा फरक मनावर घेऊ नका. वहीत हे आकडे आलेखावर मांडले की डोंगर स्पष्ट दिसतो. डोंगराला दोन शिखरं दिसली किंवा माथा सपाट आला तर दोन प्रीसेट वेगवेगळ्या सुरांवर आहेत. शिखर बरोबर जागी पण उतार मंद असेल तर एक टप्पा कामच करत नाही. पाय १ आणि ७ वेगवेगळे तपासा.

मीटर मिळत नसेल तर ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात व्हाइट नॉइज (सगळे सूर सारख्या प्रमाणात असलेली खरखर) तयार करून फाइल फोनवर घ्या, फोनमधून फिल्टरला द्या आणि फिल्टरचा आउटपुट लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. आधी खटका फिल्टर वगळण्याच्या बाजूला ठेवून एक मिनिट, मग फिल्टरच्या बाजूला एक मिनिट. दोन्हींचा स्पेक्ट्रम काढून शेजारी ठेवा, म्हणजे साउंड कार्डाचे स्वतःचे दोष वजा होतात. लॅपटॉपचा माइक इनपुट फार नाजूक असतो; त्याच्याआधी १० किलोओहम व १ किलोओहमचा विभाजक आणि एक कपॅसिटर घाला. स्पेक्ट्रमची साइज ४०९६ किंवा जास्त ठेवा, नाहीतर १७० हर्ट्झची खिडकी दोन-तीन ठिपक्यांत संपते. आणि फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारं कुणी घरात असेल, तर प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपसमोर तासभर बसण्याची परवानगी मागून पाहा. मोजमाप तेच, मजा वेगळी.

विजा आणि डायोड

गोव्यात मे अखेरीस आणि पुन्हा पाऊस परतताना विजांचा धिंगाणा असतो. ४० मीटरवर त्या कानात कडाडतात. फिल्टरला असा क्षणिक दणका बसला की तो आपल्याच सुरात वाजत राहतो, देवळातल्या घंटेला टोला हाणावा तसा. फिल्टर जितका अरुंद, तितका तो टोला लांबतो. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगात मोर्सचा एक बिंदू ६० मिलिसेकंदांचा असतो. आपल्या १७० हर्ट्झच्या फिल्टरचा निनाद काही मिलिसेकंदांत विरतो, बिंदूला धक्का लागत नाही. ५० हर्ट्झवर गेलात तर प्रत्येक कडाडण्याचा एक खोटा बिंदू तयार होऊ लागतो.

म्हणून दणका फिल्टरच्या आधीच छाटायचा. रेडिओकडून येणाऱ्या तारेवर १ किलोओहम, त्यानंतर दोन १एन४१४८ एकमेकांना उलटे जोडून जमिनीला. साधारण ०.६ व्होल्टच्या वर ते काहीच जाऊ देत नाहीत. रेडिओचा आवाज असा ठेवा की हवं ते स्टेशन या मर्यादेच्या जरा खाली राहील. पुढचा आवाज आपल्या पॉटने वाढवा. हे डायोड फिल्टरनंतर लावून उपयोग नाही, तोपर्यंत दणका पसरून झालेला असतो. कानांचंही यात भलं आहे. वीज अगदी जवळ आली की मात्र अँटेनाची तार रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा, ऐकण्याचा हट्ट नको.

डब्यात बसवताना

सोल्डरिंग झालं की पीसीबीची खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या. उरलेला फ्लक्स आपल्या खाऱ्या, दमट हवेत ओल धरतो. पूर्ण वाळल्यावर तांब्याच्या बाजूला पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्या, प्रीसेट आणि जॅक झाकून. सगळ्यात आधी दगा देतात ते ३.५ मिमीचे जॅक; किनाऱ्याजवळच्या घरात दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. बरे जॅक घ्या, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

अडॅप्टरऐवजी बॅटरीच वापरा. अडॅप्टरचा गोंगाट फिल्टरमधून जाण्याआधी रेडिओतच शिरतो. हेडफोनमध्ये संथ ‘फट् फट्’ ऐकू येऊ लागलं तर बहुधा बॅटरी संपत आली आहे.

बँडवर

शेवटची परीक्षा १४.१०० मेगाहर्ट्झवर. तिथे आंतरराष्ट्रीय बीकन साखळीतली १८ केंद्रं पाळीपाळीने, प्रत्येकी दहा सेकंद, अशी तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. प्रत्येक केंद्र आधी आपलं कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) मोर्समध्ये देतं, मग एकेका सेकंदाच्या चार लांब रेघा: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि ०.१ वॉट. आपल्याला सर्वांत जवळचं श्रीलंकेचं, ४एस७बी. रेडिओ यूएसबी (अपर साइडबँड) मोडवर ठेवून डायल १४.०९९३ ला लावा, म्हणजे सूर बरोबर ७०० हर्ट्झवर पडेल. एखादं केंद्र कधी बंदही असतं, तेव्हा दोन-तीन फेऱ्या ऐका.

फिल्टर वगळून किती रेघा ऐकू येतात ते लिहा, मग खटका पाडून पुढच्या फेरीत पुन्हा मोजा. लगोलगच्या दोन फेऱ्यांतही सिग्नल खालीवर होतो, म्हणून असं आलटून-पालटून बऱ्याच वेळा करा. एकामागची एक रेघ दहा डेसिबलने उतरते आणि आपल्या फिल्टरचा खरखरीवरचा हिशोबही दहाच डेसिबलचा, तेव्हा ऐकू येणाऱ्या रेघांत सरासरीने एकीची भर पडायला हवी. कान स्वतःही थोडं गाळून ऐकतो, त्यामुळे सरावलेल्या माणसाला फरक कमी जाणवतो. काहीच फरक नसेल तर सूर खिडकीच्या बाहेर पडतोय का ते आधी पाहा. डायल शंभर हर्ट्झ इकडेतिकडे सरकवली की आवाज एकदम उसळी घेतो.